पाणी गेलं कुठं?

सकाळी खिडकीचा पडदा बाजूला केला, की काचेवरून पाण्याचे ओघळ वाहत असायचे. बाहेर पाऊस नव्हता, बर्फ होतं. ओघळ होते ते आतल्या बाजूनं. जुना टॉवेल घेऊन मी काचा पुसायची, टॉवेल बेसिनमध्ये पिळायची आणि ऑफिसला पळायची. हा माझा नित्यनेम होता. २०१०च्या डिसेंबरमधली ही गोष्ट. ब्रिटनमधला गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर म्हणून तो पुढे नोंदला गेला.

इंग्लंडच्या उत्तरेला, लीड्स शहरात आम्ही त्याच वर्षी घर घेतलं होतं. शंभरेक वर्षांचं, लाल विटांचं, चाळीतल्या खोल्यांसारखं शेजाऱ्याला चिकटून उभं असलेलं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. भिंत नऊ इंची. आपल्याकडे नऊ इंची भिंत म्हटलं, की माणूस समाधानानं मान डोलावतो. इथल्या थंडीपुढे मात्र ती भिंत म्हणजे धोतराचं पान! नंतरच्या काळात इथे दोन पदरी भिंती बांधू लागले, मध्ये हवेची पोकळी ठेवून. आमच्यासारख्या जुन्या, भरीव भिंतीतून त्याच्या दुप्पट ऊब बाहेर जाते, हे घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

घर गार का, याचं निदान आम्ही घरच्या घरी केलं : फटी! मग काय, नवरा आणि मी कंबर कसून लागलो. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. दाराच्या खाली कापडी लोड लावले. भिंतीत खालच्या अंगाला जाळीदार विटा होत्या, त्यातून गार झुळूक यायची. त्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले. शेकोटीचं जुनं धुराडं फळी ठोकून बंद केलं. गॅसचं बिल पाहून छाती दडपायची, म्हणून हीटिंग सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास. धुतलेले कपडे रेडिएटरवर वाळत. दोन पिढ्यांचा काटकसरीचा वारसा आम्ही इमानेइतबारे चालवत होतो.

जानेवारीत मुलीच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळी. मोहरी उधळावी तसे बारीक ठिपके, खालून वरपर्यंत, आणि कुबट वास. छताच्या कोपऱ्यातही तेच. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिचा खोकला महिनाभर हटत नव्हता. रात्री श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची आणि आम्ही दोघं अंधारात ती शिट्टी मोजत पडून राहायचो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, श्वासातून घ्यायचं औषध दिलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, ''तिच्या खोलीत बुरशी आहे का?'' मी ''थोडी'' म्हणाले. आयुष्यात एवढी लाज मला क्वचित वाटली असेल.

मग ओल घालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. त्यानं एक दोन सुयांचं यंत्र भिंतीला टोचलं, ते किर्र वाजलं. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आहे, विटांना भोकं पाडून रसायन भरावं लागेल, असं त्याचं मत पडलं. जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, ''तुम्ही लोक फार शिजवता, त्यानंही होतं.'' खर्चाचा आकडा ऐकून नवरा गप्प झाला. मी 'तुम्ही लोक' ऐकून गप्प झाले होते.

माझी आई त्या हिवाळ्यात आमच्याकडे होती. मी पुन्हा नोकरी धरली होती, म्हणून नातीला सांभाळायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आलेली. दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर अशा अवतारात ती रेडिएटरवरचे कपडे काढून घड्या घालत होती. म्हणाली, ''अगं, कपडे वाळले खरे. पण त्यातलं पाणी गेलं कुठं?''

मी वैतागून म्हटलं, ''जाईल कुठं? हवेत गेलं.''

''आणि हवा?''

मी काही बोलले नाही. कारण हवा कुठेच गेलेली नव्हती. तिच्या सगळ्या वाटा आम्ही स्वतःच्या हातांनी बुजवल्या होत्या.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. कळलं ते असं. हवा जितकी ऊबदार, तितकी जास्त वाफ ती पोटात ठेवू शकते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना ९ ग्रॅम आणि शून्याला जेमतेम ५. म्हणजे ऊबदार हवा गार भिंतीला टेकली, की पोटातलं पाणी तिथेच ओकून टाकते. खिडकीच्या काचेवर ते दिसतं, म्हणून आपण पुसतो. कपाटामागे दिसत नाही. तिथे खोलीची ऊबही पोचत नाही, त्यामुळे भिंत आणखी गार. बुरशीला तर पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, की तिचं भागतं.

आणि ही वाफ येते कुठून? आपल्याकडूनच. चार माणसांचं कुटुंब श्वासातून, घामातून, अंघोळीतून, स्वयंपाकातून आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी घरातल्या हवेत सोडतं. म्हणजे रोज एक कळशी पाणी आम्ही घरभर ओतत होतो आणि दारं-खिडक्या लावून बसत होतो.

त्या सुईवाल्या माणसाचं निदानही मग उलगडलं. ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या मीटरभरात राहते आणि क्षारांची पांढरट रेघ सोडते. पन्हळ गळलं किंवा विटांमधला दर्जा निघाला, तर बाहेरून एका ठिकाणी डाग पडतो. आणि तिसरी ही आतली, श्वासाची ओल, जी गार कोपरे शोधत हिंडते. आमचे ठिपके वरच्या मजल्यावर, छताच्या कोपऱ्यात. जमिनीची ओल एवढा जिना चढून कशी जाईल?

आईकडे मात्र उपाय तयार होता : शेगडी. आमच्या गावी पावसाळ्यात तेच व्हायचं. निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालायची, तिच्यावर बाळाची दुपटी पसरायची, वर ओवा-वावडिंगाची धुरी. मी घाबरून ''नको'' म्हटलं. जांभ्याचं आमचं घर कौलारू. धूर, वाफ सगळं कौलांच्या फटींतून आपोआप वर निघून जायचं. या बंद डब्यात कोळसा पेटवला, तर कार्बन मोनॉक्साइडनं सकाळी कुणी उठलं नसतं. त्या वायूला ना रंग, ना वास. उपाय खरा असतो, पण तो ज्या घरात जन्मतो त्या घरापुरता.

आमच्या या घराचंही पूर्वी असंच होतं. प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी, आणि धुराडं दिवसभर खोलीतली दमट हवा ओढून बाहेर टाकत असे. फटींतून नवी हवा येई. माणसं पुढून भाजत आणि पाठीमागून गारठत, पण भिंती कोरड्या राहत. डिसेंबर १९५२मध्ये लंडनच्या विषारी धुक्यानं हजारो माणसं मेली, १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, हळूहळू कोळसा गेला आणि गॅस आला. धुराडी बुजली. ते योग्यच झालं. फक्त घराचं नाक बंद केलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गंमत बघा, कोकण आणि यॉर्कशायर यांची ओल अगदी उलट. कोकणात जुलैची हवा २६-२७ अंशांची आणि वाफेनं काठोकाठ भरलेली. खिडकी उघडली तरी कपडा वाळणार नाही, म्हणून विस्तव हवा. इथे बाहेरची हवा ५ अंशांची. ती पूर्ण दमट असली, तरी घरात येऊन २० अंशांना तापली, की तिची आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळी दिवशीसुद्धा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, तर घर कोरडं होतं. ''थंडी घालवायला खिडकी उघड'' हे ऐकून आई हसत सुटली होती.

आम्ही केलं ते एवढंच. जाळीदार विटांमधले बोळे काढले. धुराड्याच्या फळीला जाळी बसवली. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात दमटपणा वाढला की आपोआप सुरू होणारे पंखे लावले. भांड्यांवर झाकणं आली. कपडे एकाच खोलीत, दार लावून, हवेतलं पाणी ओढणाऱ्या यंत्रासमोर वाळू लागले. ते यंत्र रात्रीतून दोन लिटर पाणी काढतं, ते पाहून अजूनही नवल वाटतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर. हीटिंग तीन तास भडकवण्याऐवजी मंद, पण दिवसभर; जागतिक आरोग्य संघटनेनं थंड देशांसाठी १८ अंशांची मर्यादा सांगितली आहे, तेवढं. माळ्यावर काचलोकरीचा २७ सेंटिमीटरचा थर घातला. पुढच्या भिंतीवर आधीच्या मालकानं केलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, कारण जुन्या विटांना चुना श्वास घेऊ देतो, सिमेंट नाही. बिल थोडं वाढलं, हे खरं. दुसऱ्या हिवाळ्यात भिंत स्वच्छ राहिली आणि मुलीच्या छातीतली शिट्टी थांबली. तिला भिंतीमुळेच त्रास होता, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही.

पण घर आमचं होतं, म्हणून हे जमलं. ज्याचं घर भाड्याचं, त्यानं काय करायचं? लीड्सहून तासाभरावर रॉचडेल गाव आहे. तिथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२०मध्ये वारला. सामाजिक गृहसंस्थेच्या सदनिकेतल्या बुरशीमुळे त्याला श्वसनाचा विकार जडला होता, असा निर्णय नोव्हेंबर २०२२मध्ये चौकशीअंती लागला. वडील सुदानहून आलेले; त्यांनी तक्रारी केल्या होत्या, तर त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं. त्या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण चुकीची गृहीतकं धरली, अशी कबुली घरमालक संस्थेनं नंतर दिली. ते वाचताना मला 'तुम्ही लोक' आठवलं. २७ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमध्ये त्या मुलाच्या नावाचा कायदा लागू झाला आहे. सामाजिक घरांच्या मालकांना गंभीर ओल-बुरशीची तपासणी आता दहा कामकाजी दिवसांत करावीच लागते, आणि जिवाला धोका असेल तर २४ तासांत हालचाल. श्वास घेणं, शिजवणं, कपडे धुणं हा भाडेकरूचा गुन्हा नव्हे, हे कायद्यानं सांगायला एक मूल जावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात आईचा गावाहून फोन आला. भावानं जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलंय. सरकत्या काचेच्या खिडक्या, गुळगुळीत टाइल्स, आत संडास-बाथरूम. आई खूश आहे. पण आवाज जरा पडलेला.

''अगं, छताच्या कोपऱ्यात काळं धरलंय. दोनदा रंग दिला, पुन्हा येतं.''

मी विचारलं, ''कपडे कुठं वाळत घालतेस?''

''आतच. बाहेर पाऊस आहे ना.'' मग थोडा वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज. आणि मग ती स्वतःच म्हणाली, ''पंखा बसवून घ्यायला सांगत्ये त्याला. कौलं होती तेव्हा हे बघावं लागत नव्हतं.''