जेलकोटला सुरकुत्या का पडतात?

फायबरचा बंपर ज्या साच्यात घडतो, त्याची आतली गुळगुळीत कातडी म्हणजे जेलकोट. जाडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, पण तिच्यातला प्रत्येक दोष पुढच्या प्रत्येक बंपरवर उमटतो.

सगळ्यात छळते ती सुरकुती. थर पातळ बसला किंवा हार्डनर कमी पडला, की जेलकोट अर्धकच्चा राहतो. मागून लावलेल्या रेझिनमधलं स्टायरीन त्यात शिरतं, तो फुगतो आणि आक्रसतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, मिश्रण डब्यातच घट्ट होऊ लागतं. मग कारागीर हार्डनर घटवतो, आणि नेमकी तिथेच गोम आहे. प्रमाण कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेखाली नेऊ नये. त्यापेक्षा थोडं-थोडं कालवावं, पहाटे काम उरकावं. पावसाळ्यात दमट हवाही जेलकोट नीट पिकू देत नाही.

साचा ज्या मूळ नमुन्यावरून काढतात, तो आलापल्लीच्या उत्तम सागाचा असला, तरी लाकडाच्या रेषा साच्यावर उतरतात. लाकडाला आधी सीलर लावून घ्यावा.

साच्याच्या जेलकोटमधली बारीक छिद्रं दुरुस्त करताना ती खरवडून मोठी करावीत, ॲसिटोनने पुसावीत आणि ताजा जेलकोट किंचित वर येईल इतका भरावा. वर पारदर्शक प्लास्टिक चिकटवावं, कारण हवा लागली तर पृष्ठभाग चिकट राहतो. पिकल्यावर 400 पासून 1500 नंबरपर्यंत पाण्याचा पॉलिश पेपर, मग पॉलिश. सुरकुतलेला भाग मात्र पूर्ण खरवडून काढावाच लागतो. त्यावर नुसता नवा थर चढवणं वाया जातं.