म्हातारपणचे पडणे आणि साथीचा ताप

घरातले म्हातारे माणूस मोरीत घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'या वयात कशाला कापाकापी?' आणि 'आधी ताप उतरू द्या, मग बघू.' दोन्ही मायेपोटीच बोलली जातात. पण त्यापायी माणूस हातचा जातो.

आमच्या वडपे गावाभोवती महामार्गाला लागून गोदामेच गोदामे. मुलगा-सून कामावर गेली की म्हातारी घरी एकटी. २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. रस्ते ओस पडले; पण खुबा मोडायचा थांबला नाही, कारण हा अपघात रस्त्यावरचा नव्हे, घरातला.

त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या सहा रुग्णालयांनी खुबा मोडलेल्या ३१७ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतल्या २७ जणांना कोरोना होता. कोरोना नसलेल्यांपैकी महिन्याभरात शंभरात सुमारे आठ दगावले. कोरोना असलेल्यांत हेच प्रमाण तीनात एक होते. २७ हा आकडा लहान खरा, पण इतर देशांतही चित्र साधारण असेच दिसले.

असे का होते? खुबा मोडलेला माणूस अंथरुणाला खिळतो. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. कोरोनाही फुफ्फुसांवरच घाला घालतो आणि गुठळ्या वाढवतो. एकाच दुबळ्या देहावर दोन ओझी पडतात.

म्हणूनच नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून शस्त्रक्रिया लांबवू नये, असे तज्ज्ञांचे मत पडले. श्वास, रक्तदाब सावरून शक्यतो दोन दिवसांत हाड बसवावे, रुग्णाला लवकर उठवून बसवावे. धोका शस्त्रक्रियेत आहेच. पण बहुतेकांच्या बाबतीत पडून राहण्यात तो जास्त आहे. रुग्णाचा श्वास फारच बिघडला असेल तर थांबायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. पडल्यावर पाय आखूड दिसला, बाहेर वळला, उभे राहता येईना, तर चोळू नका, चालवू नका. पाय न हलवता आडवे ठेवून १०८ ला फोन करा. आधी दोन दिवस ताप, खोकला, चक्कर होती का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण पुष्कळदा तापाच्या अशक्तपणानेच तोल जातो. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठून हा उपचार बसतो का, ते विचारा.

आणि आजच मोरीतले शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला दांडा लावा, रात्री एक दिवा चालू ठेवा. ज्यांनी गिरणीत, शेतात, बिगारीवर राबून आपल्याला शिकवले, त्यांच्यासाठी एवढे करणे कोणत्याही घराला जड नाही.