लहान महाविद्यालय आणि संज्ञापनकलांचा अभ्यास

‘संज्ञापन’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात रूढ झाला असला तरी सामान्य वाचकाच्या तोंडी तो अद्याप बसलेला नाही. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजिला गेला, त्या शब्दाच्या पोटात आगगाडी व तारायंत्र यांपासून व्याख्यान व नाटकापर्यंत सर्व काही मावते. मराठीने यातील पहिला भाग ‘दळणवळण’ म्हणून वेगळा काढला व उरलेल्या भागासाठी संस्कृताकडे धाव घेतली. संज्ञापन म्हणजे जाणवून देणे, कळविणे. हा अर्थ ध्यानी घेतला म्हणजे या विषयाचे केंद्र यंत्रात नसून ज्याला कळवावयाचे त्या माणसात आहे, हे आपोआप स्पष्ट होते. लहान महाविद्यालयात हा विषय शिकविता येईल काय, या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळसे या केंद्राच्या निश्चितीवर अवलंबून आहे.

विषयाची जडणघडण अमेरिकेत झाली. मिसुरी विद्यापीठात 1908 साली वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा निघाली. 1914 मध्ये वक्तृत्वाच्या अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांपासून फारकत घेऊन आपली वेगळी संघटना उभारली. नभोवाणी व चित्रपट मागाहून आले. मोठ्या विद्यापीठांना या प्रत्येकासाठी निराळे विभाग चालविणे परवडले. ज्या महाविद्यालयात दोन-तीनच अध्यापक, तेथे वक्तृत्व, लेखन, नभोवाणी व नाट्य हे एकाच छपराखाली नांदणे क्रमप्राप्त होते. ‘संज्ञापनकला’ हे अनेकवचनी नाव अशा संसाराला चांगले शोभते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही केवळ काटकसर नव्हती. एकच मजकूर बोलावयाचा कसा, छापावयाचा कसा व ध्वनिक्षेपित करावयाचा कसा, हे एकाच विद्यार्थ्याने करून पाहिले म्हणजे माध्यमामाध्यमांतील भेद त्याला जसा उमगतो, तसा तो स्वतंत्र विभागांतून उमगणे कठीण.

आपल्याकडील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात 1952 साली वृत्तपत्रविद्येचे अध्यापन सुरू झाले. त्यासाठी अमेरिकेतील सिरॅक्यूस विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली हे फुलब्राइट योजनेखाली येऊन राहिले होते. महाविद्यालय 1883 मधील, मिशनऱ्यांनी स्थापिलेले. नागपूर त्या वेळी मध्यप्रदेशाची राजधानी होते व तेथे इंग्रजी, मराठी व हिंदी अशा तिन्ही भाषांतील दैनिके निघत होती. 1911 पासूनचा ‘हितवाद’ तेथलाच, आणि माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ही तेथलाच. म्हणजे विद्यार्थ्याला तीन भाषांतील वृत्तपत्रव्यवहार हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळत होता. वुल्सली यांनी संपादिलेला ‘जर्नलिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. भारतीय वृत्तपत्रव्यवसायाचे भारतीय सामग्रीवर आधारलेले विवेचन विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा तो प्रयत्न होता.

संपादक हा कचेरीतच घडतो, वर्गात नव्हे, असा आक्षेप अशा अध्यापनावर नेहमी घेतला जातो. मराठीपुरते बोलावयाचे तर हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. 1832 साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे पुढे एल्फिन्स्टनमधील अध्यापक म्हणूनच नावाजले, आणि त्यांचे पत्र इंग्रजी व मराठी असे दोन भाषांत शेजारी शेजारी छापले जाई. दोन स्तंभांची ती रचना म्हणजे मराठी पत्रकारितेपुढील पहिली अडचण होय, व ती अद्याप संपलेली नाही.

ही अडचण थोडी उकलून पाहणे अवश्य आहे. पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाणारी बातमीची बांधणी इंग्रजी वाक्याच्या सोयीने ठरलेली आहे. कोण, काय, केव्हा, कोठे यांची उत्तरे पहिल्याच वाक्यात द्यावीत, असा तिचा नियम. इंग्रजीत कर्ता व क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातात. पुढे कितीही तपशील जोडला तरी वाचकाचा श्वास कोंडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे चारही उत्तरे एका वाक्यात कोंबली की कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये विशेषणवाक्यांची रांग लागते आणि काय घडले हे कळेपर्यंत कोणाविषयी चालले होते याचा विसर पडतो. याहून सूक्ष्म प्रश्न वक्त्याच्या उल्लेखाचा आहे. इंग्रजी बातमी विधान आधी देऊन ‘असे अमुक म्हणाले’ हे मागाहून जोडते. तीच पद्धत मराठीत उचलली म्हणजे ‘धरणाचे पाणी कोणत्याही गावाला कमी पडणार नाही’ हे वाक्य वाचक प्रथम पत्राचेच मत म्हणून वाचतो. मंत्र्यांचे नाव त्याला नंतर भेटते. वाक्य लांब असेल तर भेटतही नाही. वक्ता आधी की विधान आधी, हा निव्वळ शैलीचा प्रश्न नसून विश्वासार्हतेचा प्रश्न आहे, आणि त्याचा अभ्यास करण्यास शाई, कागद व चार दैनिके यांपलीकडे काही लागत नाही.

श्राव्य माध्यमाच्या बाबतीतही, लहान संस्थेला उपयोगी पडेल असा एक वस्तुपाठ महाराष्ट्रातच घडला. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम मराठीतून प्रक्षेपित झाले. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर गावकऱ्यांनी चर्चा करावयाची व शक्य ते अमलात आणावयाचे, ही कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांवरून घेतलेली होती. मूल्यमापनाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. पॉल नॉयरथ हे त्याचे सूत्रधार. तुलनेसाठी मंडळ नसलेली पण रेडिओ असलेली, तशीच रेडिओही नसलेली गावे निवडण्यात आली होती. निष्कर्ष असा की मंडळे असलेल्या गावांत श्रोत्यांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी आढळली नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व आपल्या अभ्यासक्रमांनी पुरतेपणी ओळखलेले नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. तोच संदेश, तेच यंत्र, तीच भाषा. फरक पडला तो ऐकल्यानंतर शेजाऱ्याशी बोलण्याने. म्हणजे संज्ञापनाचे अर्धे कार्य ध्वनिक्षेपण संपल्यावर सुरू होते. ते पाहावयाचे तर श्रोत्यांच्या सहवासात राहावे लागते. मोठ्या शहरातील संस्थेला यासाठी गाडी, भत्ता व परवानगी यांची व्यवस्था करावी लागते. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचे विद्यार्थी रोज सायंकाळी त्याच श्रोत्यांत परततात. असे असूनही या महाविद्यालयांची पहिली मागणी ध्वनिमुद्रणकक्षाची असते. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती मोबाईल असल्याने ध्वनिमुद्रण व चित्रण यांचा खर्च उरलेलाच नाही, तरीही ती मागणी मागे पडत नाही. कक्ष पाहुण्यांस दाखविता येतो, चावडीवरची चर्चा दाखविता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

लहानपणाचे तोटे मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जेथे एकाच अध्यापकाच्या खांद्यावर विभाग उभा असतो, तेथे त्याच्या बदलीबरोबर विषयही बदलून जातो. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, प्रश्नपत्रिका बाहेरून येते; स्थानिक वृत्तपत्राच्या भाषेवर वर्षभर काम केलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेत संज्ञापनाच्या प्रतिमानांवरील टीप लिहावी लागते. पुणे विद्यापीठाने 1964 साली या विषयाचा विभाग स्थापिला. मोठ्या विद्यापीठाच्या विभागाला अभ्यासक्रमावर स्वतःचा हात फिरविता येतो, तशी मोकळीक संलग्न महाविद्यालयास नसते. अंतर्गत गुणांच्या मर्यादेत बसविता येईल असे एक काम येथे सुचवितो. एका गावातील दहा घरे निवडावीत. एका दिवसाची एकच बातमी छापील, ध्वनिक्षेपित व मोबाईलवरून फिरलेली, अशा तिन्ही रूपांत मिळवावी. दोन दिवसांनी त्या घरांतील माणसांनी ती एकमेकांना कशी सांगितली, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि मूळ मजकुराशेजारी, ‘दर्पणा’च्या दोन स्तंभांप्रमाणे, मांडावे.