मोटारसायकल आणि घाटांतील वळण

वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट लागतो. त्या घाटांत एखादा नवशिका मोटारसायकलस्वार पाहावा. सरळ रस्त्यावर ऐटींत चालणारा हा तरुण वळण दिसतांच अंग आंखडून घेतो, मुठी आवळतो, ऐन वळणांत ब्रेक दाबतो आणि पुष्कळदां नको त्या बाजूस लोटला जातो. निघतांना आईनें 'सावकाश जा' म्हणून सांगितलेलें असतें. उपदेश खोटा नाहीं, पण अपुरा आहे. सावकाश म्हणजे किती आणि तें नेमकें कोठें, हें त्याला कोणीं शिकविलेलेंच नसतें.

मोटार चक्र फिरवून वळते. दुचाकी कलल्यावांचून वळत नाहीं. किती कलावयाचें हें वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरतें. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३० किलोमीटर वेगास सुमारें २० अंशांचा कल लागतो. वेग ४५ झाला कीं तोच कल ३८ अंशांच्या वर जातो. वेग दीडपट होतो, परंतु टायरवरचा आडवा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. शाळेंत हें गणित सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळविलेले तरुणही घाटांत तें विसरतात!

गाडी कलवावयाची कशी, हा पुढचा प्रश्न. डावीकडे वळावयाचें तर डावी मूठ हलकेच पुढें ढकलावी लागते. म्हणजे पुढचें चाक क्षणभर उजवीकडे वळतें, चाकें स्वाराच्या खालून उजवीकडे सरकतात आणि गाडी डावीकडे कलते. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं सायकल चालविली असेल, त्यांनीं हें शेंकडों वेळां नकळत केलेलें आहे. विमानाच्या जनकांपैकीं एक, विल्बर राइट, हा मूळचा सायकलींचा व्यवसाय करणारा. सायकलस्वार हें करतो, पण विचारलें तर त्याला त्याचा पत्ताही नसतो, हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. मात्र जें नकळत घडतें, तें घाबरल्यावरही घडेल असा भरंवसा नाहीं. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या परिसरांतील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. हॅरी हर्ट यांच्या नांवानें ती ओळखली जाते. ज्या अपघातांत दुसरें वाहन नव्हतें, त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांत स्वाराचीच चूक आढळली: अवाजवी ब्रेक दाबून घसरणें, किंवा वेग अधिक असून पुरेसें न वळल्यानें रस्त्याबाहेर जाणें.

पुरेसें न वळण्याचें एक कारण नजर हें आहे. भय नजरेला खिळवून टाकतें, आणि गाडी नजरेमागें जाते. कठड्याकडे टक लावणारा कठड्याकडेच ओढला जातो. म्हणून वळणांतून जेथें बाहेर पडावयाचें तेथें मान वळवून पाहावें. ब्रेक लावावयाचा तो गाडी सरळ असतांना, वळणापूर्वीं. आंत शिरल्यावर वेग स्थिर ठेवावा.

ही संवय घाटांत लावूं नये. मोकळ्या, स्वच्छ मैदानावर फक्कीनें १० मीटर त्रिज्येचें वर्तुळ आंखावें. त्यावर ताशीं २५ किलोमीटर वेगानें फिरतांना गाडी जितकी कलते, साधारण तितकीच ती घाटांतील २० मीटरांच्या वळणावर ३६ च्या वेगानें कलते. कल तोच, पण शेजारीं दरी नाहीं आणि समोरून एस. टी. येत नाहीं. प्रथम १५ च्या वेगानें फेऱ्या घ्याव्या, मूठ ढकलतांच गाडी कशी कलते तें अनुभवावें, आणि मगच वेग वाढवावा. शिरस्त्राण, हातमोजे हवेतच. बहुतेकांना उजवें वळण डाव्यापेक्षां अवघड जातें किंवा उलट. जी बाजू अवघड, तिच्यावर अधिक वेळ द्यावा. सहसा लोक सोपी बाजूच घोटीत बसतात.

आपल्याकडे वाहनें डावीकडून जातात, यामुळें दोन बाजूंचे धोके निराळे आहेत. डाव्या वळणावर बाहेर फेंकलेला स्वार समोरच्या वाहनांत जातो. उजव्या वळणावर तो रस्त्याच्या कडेबाहेर जातो. उजवीकडे कलतांना चाकें मध्यरेषेच्या आंत असूनही डोकें रेषेपलीकडे जाऊं शकतें, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. पावसाळ्यांत ओले पांढरे पट्टे, वाहून आलेली खडी आणि डिझेलचे डाग यांवर कल कमी ठेवावा. अर्थात् वेग आधींच कमी हवा. अरुंद घाटांत चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्यानें वाट द्यावयाची असते.

मागें कोणी बसलें असेल तर गाडीचें वजन वाढून ब्रेकला अधिक अंतर लागतें. बसणाऱ्याला निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें, कीं गाडी कलली म्हणजे घाबरून उलट बाजूस अंग टाकूं नये. डाव्या वळणावर स्वाराच्या डाव्या खांद्यावरून आणि उजव्या वळणावर उजव्या खांद्यावरून पुढें पाहावें. आईला एकदां मैदानावरच मागें बसवून चार फेऱ्या माराव्या.