केसांना फाटे फुटणे

केसांना फाटे फुटणे : केसाचे टोक लांबीच्या दिशेने चिरून त्याचे दोन वा अधिक तंतू होणे. वैद्यकात या अवस्थेस ‘ट्रायकोप्टिलोसिस’ म्हणतात. ‘केस’ व ‘पीस’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले आहे. लांब केसांत ही अवस्था विशेषेकरून आढळते. सामान्यतः हा रोग नसून केसाची झीज असते.

केसाच्या त्वचेबाहेरील भागास केशदंड म्हणतात. त्यात जिवंत कोशिका, रक्तवाहिन्या वा तंत्रिका नसतात. केसाची वाढ फक्त त्वचेतील केशपुटकात होते. डोक्यावरील केस महिन्याला सु. १ सेंमी. वाढतो, म्हणजे ३६ सेंमी. लांब केसाचे टोक सु. ३ वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते आणि तेव्हापासूनची सर्व धुणी, विंचरणी व ऊन त्याने सोसलेले असते. त्वचेवरील जखम भरून येते तशी केशदंडाची इजा आपोआप भरून येत नाही.

केशदंडाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर असते. त्याच्या बाहेरील आवरणास उपत्वचा म्हणतात. ती चपट्या, पारदर्शक खवल्यांची बनलेली असून हे खवले छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले असतात व त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. खवल्यांवरील वसाम्लाच्या अत्यंत पातळ थरामुळे पाणी सहज आत शिरत नाही. उपत्वचेच्या आत बाह्यक असतो. त्यातील लांबट कोशिका केराटीन या प्रथिनाने भरलेल्या असून केसाच्या अक्षाला समांतर रचलेल्या असतात. केराटिनाच्या रेणूंमधील गंधकाच्या बंधांमुळे केसाला बळकटी येते. टोकाकडील खवले झिजून गेले की बाह्यक उघडा पडतो आणि टोकाची गाठ सुटलेल्या सुंभाप्रमाणे त्याचे तंतू विलग होऊ लागतात.

कारणे : घर्षण हे प्रमुख कारण होय. गुंता ओढून सोडविणे, दाट दातांच्या फणीने जोराने विंचरणे आणि केस उलटे विंचरून फुगविणे यांमुळे खवले उचकटतात. ओला केस फुगतो व कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो. म्हणून न्हाल्यानंतर पंचाने केस झटकणे वा घासून पुसणे अपायकारक ठरते. केसांचा रंग उडविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडामुळे गंधकाचे बंध तुटतात व वसाम्लाचा थरही नाहीसा होतो. ओल्या केसांवर तप्त उपकरण फिरविल्यास आतील पाण्याची वाफ होऊन केशदंडात पोकळ्या पडतात. उन्हातील जंबुपार किरणांमुळेही केराटिनाचा ऱ्हास होतो.

उपचार : फुटलेला भाग कापून टाकणे हाच खात्रीचा उपाय होय. धारदार कात्रीने फाट्याच्या थोडे वर कापावे. बोथट कात्रीने टोक चेंगरते. कापल्याने केस जलद वाढतात ही समजूत चुकीची आहे, कारण टोक कापण्याचा केशपुटकावर परिणाम होत नाही. कंडिशनरमधील धनभारित संयुगे केसाच्या पृष्ठाला चिकटून घर्षण कमी करतात. काही बहुवारिकांमुळे फाटे तात्पुरते जुळतात. परंतु धुण्याने हा परिणाम ओसरतो. फाटे कायमचे ‘बरे’ करण्याचा दावा करणाऱ्या प्रसाधनांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

प्रतिबंध : न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या प्रथेस प्रायोगिक आधार मिळाला आहे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना करणारा अभ्यास मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तीत फक्त खोबरेलामुळे केसातील प्रथिनाचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. खोबरेलातील लॉरिक अम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्यामुळे ते तेल केशदंडात शिरू शकते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. केस मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून आरंभ करून क्रमाने मुळाकडे विंचरत जावे. अतिशय कुरळे केस मात्र ओलसर व स्निग्ध असतानाच विंचरणे बरे. उष्ण उपकरणे व रंग उडविणारी द्रव्ये यांचा वापर शक्य तितका टाळावा.

नव्याने वाढलेले केसही मुळाजवळच तुटत असतील, केशदंडावर पांढरट गाठी दिसत असतील किंवा मुलाचे केस जन्मापासून ठिसूळ असतील, तर केवळ तेल-प्रसाधनांवर विसंबून वेळ दवडू नये. अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यास केस कोरडे व ठिसूळ होतात. ट्रायकोथायोडिस्ट्रोफी या दुर्मिळ आनुवंशिक विकारात केसांतील गंधकाचे प्रमाण कमी असते. अशा वेळी केसांचा ठिसूळपणा हे शरीरातील विकाराचे लक्षण असू शकते. म्हणून त्वचारोगतज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.