अपील टाकलं म्हणजे गाळा वाचला असं नाही



अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीत मालविक्रीसाठी गाळा भाड्याने घेतलेल्यांनी हे जरूर वाचा.

गाळा खाली करण्याचा निकाल लागला, की "वरती अपील टाकलंय, आता काय होतंय" म्हणून बरेचजण निवांत बसतात. तिथंच फसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या *आदेश 41, नियम 5* प्रमाणे नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. मालकाने दरखास्त दाखल केली, की बेलिफ ताबा घ्यायला येऊ शकतो. स्टे वेगळा अर्ज करून मागावा लागतो.

निकालाच्या दिवशीच त्याच कोर्टात अपील करेपर्यंतचा स्टे मागा आणि नकलेसाठी अर्ज द्या. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या अपिलाला मुदत फक्त *30 दिवस*. कोर्ट बघतं ते एवढंच: स्टे नसेल तर मोठं नुकसान होईल का, अर्जाला उशीर झाला का, आणि तुम्ही तारण देता का.

स्टे फुकट मिळेल असं समजू नका. मुंबईतल्या एका जागेत खुद्द महाराष्ट्र सरकार भाडेकरू होतं. भाडं महिना पाच हजारांच्या आसपास. स्टेसाठी हायकोर्टाने महिना 5 लाख 40 हजार भरायला सांगितले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. सरकारला सूट नाही, तर आपल्याला कुठली?

म्हणून आसपासच्या गाळ्यांच्या चालू भाड्याचे कागद वकिलांकडे आधीच द्या, म्हणजे मालक सांगेल तोच आकडा धरला जाणार नाही. ठरलेली रक्कम तारखेला भरा. हप्ता चुकला तर स्टे जाऊ शकतो.

(निकालाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, थेट वकिलांना दाखवा.)