वाद आकड्यांचा, निवाडा पुराव्याचा

गणित किंवा विज्ञान हे ज्यांच्या उपजीविकेचे साधन नाही, पण ज्यांना त्यांचा मनापासून छंद आहे, अशा माणसांमधले वाद बहुधा फावल्या वेळात, कोणत्याही तयारीविना सुरू होतात आणि बघता बघता हातघाईवर येतात. मात्र बारकाईने पाहिल्यास या वादांचे दोन भिन्न प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात एकाच मांडणीतून दोन्ही पक्षांनी दोन वेगळे प्रश्न वाचलेले असतात, त्यामुळे दोघांची उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर असूनही भांडण संपत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रश्न दोघांनाही सारखाच कळलेला असतो, पण दावा सिद्ध करण्याइतका पुरावा अजून पुढे आलेला नसतो. पहिला वाद व्याख्या ठरवून मिटतो, दुसरा सिद्धतेने किंवा प्रयोगाने. आणि हौशी चर्चांमधली बरीचशी शक्ती खर्ची पडते ती हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ६ ÷ २(१ + २) या पदावलीचे उत्तर १ की ९, हा पुनःपुन्हा उफाळून येणारा वाद. मराठी शाळांत पदावली सोडवण्याचा क्रम ‘कंचेभागुबेव’ या सूत्राने शिकवला जातो. त्यात कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी अशा क्रियांची आद्याक्षरे ओवलेली आहेत. कंसाला चिकटून लिहिलेला २ हा साधा गुणाकार मानला, तर आधी भागाकार होऊन उत्तर ९ येते. तोच २ ‘दोनचे तीनपट’ या अर्थाने ‘चे’ मानला, तर त्याची पाळी भागाकाराच्या आधी येते आणि उत्तर १ मिळते. सूत्र पाठ असलेले दोन विद्यार्थी अशा रीतीने प्रामाणिकपणे दोन उत्तरांवर पोहोचू शकतात. याच सूत्राचा आणखी एक चकवा असा की त्यातील अक्षरांचा क्रम शब्दशः पाळून १० − ४ + ३ मध्ये आधी बेरीज केली, तर उत्तर ३ येते, वास्तविक बेरीज आणि वजाबाकी या समान दर्जाच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात व उत्तर ९ आहे. या दुसऱ्या उदाहरणात नियम निश्चित आहे, म्हणून एक उत्तर चूक ठरते. पहिल्या उदाहरणात लेखनसंकेतच संदिग्ध आहे, म्हणून तेथे उत्तर शोधण्याऐवजी एक कंस वाढवून पदावली नीट लिहिणे हाच खरा उपाय आहे.

०.९९९… म्हणजे दशांश चिन्हापुढे न संपणारे ९ असलेली संख्या १ एवढीच आहे की किंचित कमी, हा वादही वरवर पाहता पुराव्याचा वाटतो, पण मुळात व्याख्येचा आहे. ती १ पेक्षा कमी आहे असे म्हणणाऱ्याच्या मनात एक चालू प्रक्रिया असते: ०.९, मग ०.९९, मग ०.९९९, आणि यांपैकी प्रत्येक टप्पा खरोखरच १ पेक्षा लहान असतो. गणितात मात्र त्या तीन टिंबांचा अर्थ कोणताही एक टप्पा असा नसून, सारे टप्पे ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जातात ती संख्या, असा ठरलेला आहे. या संख्येला ‘सीमा’ म्हणतात. १ आणि ०.९९९… यांच्यात काही धन अंतर उरते असे मानले, तर ते कितीही लहान असले तरी पुरेसे ९ लिहून त्याहून कमी अंतर असलेला टप्पा गाठता येतो, म्हणून असे अंतर असूच शकत नाही आणि दोन्ही संख्या एकच ठरतात. सीमेची व्याख्या मान्य केल्यावर वादाला जागा राहत नाही. ती सांगितलीच नाही, तर कितीही युक्तिवाद केले तरी समोरच्याचे समाधान होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या वादाकडे वळताना महाराष्ट्राला बाहेरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही, कारण आकड्यांच्या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देणारा एक शाळामास्तर याच मातीत होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला, माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, तेथे असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. डोंबिवली रेल्वे स्थानकाशी कापरेकरांचे एक संशोधन जोडलेले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळात ‘डेमलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानकावर एका संख्यामालिकेची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले.

डेमलो संख्यांपैकी सर्वांत देखण्या संख्या केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गातून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अंक चढत जातात आणि त्याच क्रमाने उतरतात. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते आणि हा नियम अबाधित आहे अशी पाहणाऱ्याची खात्री पटते. मात्र दहा वेळा १ लिहून वर्ग केल्यास उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते, कारण मधल्या स्थानी आता १० जमा होतात, त्यांतील हातचा डावीकडे सरकतो आणि चढ-उताराची सममिती मोडते. सलग नऊ वेळा खरे ठरलेले विधान दहाव्या वेळी खोटे पडू शकते, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल. ‘मी करून पाहिले, जमते’ हे हौशी चर्चेतील आवडते वाक्य म्हणूनच केवळ अंदाजाला आधार देते. नियम का टिकतो किंवा का मोडतो, याचे कारण सापडल्यावरच सिद्धता सुरू होते.

कापरेकरांना जगभर ओळख मिळवून देणारी संख्या म्हणजे त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सर्व अंक सारखे नसावेत, त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवून त्यांची वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत उत्तर ६१७४ येते आणि तेथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ हे पुन्हा ६१७४ होते. वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे वर्ष १०६० घेतले, तर ६१०० − ००१६ = ६०८४ येथून सुरुवात होते आणि पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे करीत बरोबर सातव्या पायरीला ६१७४ येते.

येथेही व्याख्येचा प्रश्न डोके वर काढतो. २१११ या संख्येवर कृती केल्यास २१११ − १११२ = ९९९ येते; हे उत्तर तीन अंकी मानले, तर पुढची वजाबाकी शून्य होते आणि कापरेकरांचा दावा फसला असे वाटते. ते ०९९९ असे चार अंकी लिहिले, तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४ मिळते. सुरुवातीचे शून्य राखायचे हा नियम सांगितलेला नसेल, तर दोन हौशी गणिती रात्रभर भांडू शकतील. हा नियम पक्का झाल्यावर उरतो तो सिद्धतेचा प्रश्न, आणि त्यासाठी हजारो संख्या तपासाव्या लागत नाहीत. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले, तर पहिल्या वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) एवढे असते, म्हणजे ते केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी कोणताही आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत असू शकतो, त्यामुळे एकूण ५४ जोड्या होतात. या ५४ उत्तरांपासून निघून प्रत्येक वेळी ६१७४ येते हे दाखवले की सिद्धता पूर्ण झाली. कोणतीही संख्या यातून निसटत नाही, म्हणून ही नुसती पडताळणी राहत नाही. हाच नियम सर्वत्र लागू आहे असे मानणेही चूक ठरते, कारण तीन अंकी संख्यांसाठी ४९५ ही अशी स्थिर संख्या असली, तरी पाच अंकी संख्यांसाठी एकही नाही.

अंबरनाथच्या मंदिराचे वर्ष येथे आणखी एका कारणाने उपयोगी पडते. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील तेथील शिलालेखातला शकाचा आकडा एकोणिसाव्या शतकात आधी ७८२ असा वाचला गेला होता आणि नंतर तो ९८२ असा दुरुस्त झाला. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०, तर शके ७८२ म्हणजे ८६०. या दुसऱ्या वर्षालाही कापरेकरांची कृती लावली, तर ८६०० − ००६८ = ८५३२ आणि मग ८५३२ − २३५८ = ६१७४, म्हणजे दोनच पायऱ्यांत तेच उत्तर येते. खरे वर्ष आणि चुकीचे वाचलेले वर्ष दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात, कारण तो चार अंकांच्या वजाबाकीचा गुणधर्म आहे, मंदिराचा नव्हे. शकाचा वाद मिटला तो लेखातील अक्षरे पुन्हा तपासून. आकड्यांच्या चमत्कारातून इतिहासाचे किंवा माणसाच्या भाग्याचे सत्य निघते असे मानणाऱ्या चर्चांना हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

कापरेकरांच्या वडिलांना ज्योतिषाची आवड होती आणि आकडेमोडीची गोडी मुलाला तेथूनच लागली असे सांगितले जाते. पण ज्योतिषाचा दावा हा गणिताचा नसून अनुभवाचा आहे, म्हणून त्याचा निवाडा कागदावरच्या सिद्धतेने होऊ शकत नाही, त्यासाठी चाचणीच घ्यावी लागते. अशी चाचणी महाराष्ट्रात प्रत्यक्ष झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी बुद्धिमान मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० जन्मपत्रिका जमवल्या, त्यांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगितले, आणि २७ ज्योतिषांकडून आलेली उत्तरे तपासली असता ती नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा सरस नव्हती. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काय ओळखायचे, किती पत्रिकांवरून आणि कोणत्या कसोटीवर, हे उत्तरे येण्यापूर्वीच स्पष्ट असल्यामुळे निकालानंतर अर्थ फिरवायला वाव उरला नाही.

अधिकाराने वाद मिटतो ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सावंत यांनी अमेरिकेतील ‘परेड’ नियतकालिकातील आपल्या सदरात तीन दारांचे कोडे सोडवले: एका दारामागे मोटार, बाकी दोहोंमागे बकऱ्या, स्पर्धकाने एक दार निवडल्यावर सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचे दार उघडतो, मग निवड बदलावी की नाही? बदलल्यास जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते हे त्यांचे उत्तर अमान्य करणारी हजारो पत्रे आली, त्यांत डॉक्टरेट मिळवलेल्यांची संख्या मोठी होती, तरी उत्तर बरोबरच होते. अट एवढीच की सूत्रधाराला मोटार कोठे आहे हे ठाऊक असावे आणि त्याने नेहमी बकरीचेच दार उघडावे. त्याने दार अंदाजाने उघडले आणि योगायोगाने बकरी निघाली, तर शक्यता निम्मी होते. म्हणजे येथेही अर्धा वाद अट न सांगितल्यामुळे उद्भवलेला होता.

कापरेकरांच्या वाट्याला याच्या उलट अनुभव आला. त्यांच्या कामाला देशातील अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले आणि मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावरच त्यांचे नाव दूरवर पोहोचले, पण ६१७४ चा गुणधर्म त्याआधीच्या २६ वर्षांतही तितकाच खरा होता. पदव्युत्तर पदवी नसल्याने तो खोटा ठरला नाही आणि प्रसिद्धीमुळे अधिक खरा झाला नाही. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले तरी त्यांच्या संख्यांवर हौशी आणि व्यावसायिक असे दोघेही अजून काम करीत आहेत.

छंद म्हणून गणित-विज्ञानावर वाद घालणाऱ्या वाचकाने म्हणूनच आवाज चढवण्यापूर्वी आधी शब्दांचे अर्थ आणि अटी लिहून काढाव्यात, मग आपल्याकडे काही उदाहरणे आहेत की सर्व शक्यता संपवणारे कारण आहे हे पाहावे, आणि प्रश्न अनुभवाचा असेल तर कसोटी आधी ठरवून चाचणी घ्यावी. ६१७४ च्या ५४ जोड्या एका फुलस्केप कागदावर मावतात. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा त्या एकदा स्वतः सोडवून पाहाव्यात.